दुपट्ट्याखालचा सौदा

अकरा वाजले की गावातली विजेची लाईन जायची, ती चारला यायची. मधले पाच तास नत्थूजी आपल्या बायकोला वारा घालत बसत.

ऐकायला यात काही मोठं वाटत नाही. पण सौंसर-मोहगावकडच्या मे महिन्यात पाच तास हातपंखा हलवून पाहावा, म्हणजे कळतं. पहिल्या तासाला मनगट बोलायला लागतं, दुसऱ्याला कोपर, आणि त्यानंतर खांदा आपलाच आहे की उसना आणलेला, हेच समजेनासं होतं. नत्थूजींचं वय बासष्ट. पोळा झाला आणि बायकोला, देवकाबाईला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. थंडी कशीबशी निघाली. होळीनंतर ऊन तापलं आणि खाटेला लागून लागून तिच्या कमरेखाली रुपयाएवढी जागा सोलली. सौंसरच्या डॉक्टरनं कुशीवर वळवून पाहिलं आणि सांगितलं, "मलम मी देतो, पण खरं औषध वारा आहे. पाठ ओली राहिली तर ही जखम हाडापर्यंत जाईल. मग माझ्याकडे आणू नका, नागपूरला न्या."

घरात एक टेबलफॅन होता, मुलाच्या लग्नात आलेला. लाईन असेपर्यंत तो फिरायचा. लाईन गेली की नत्थूजी खाटेजवळ पाट ओढून बसायचे.

आता नत्थूजी म्हणजे काय घरात बसणारा माणूस नव्हे. बैलबाजारातला दलाल. पांढुर्णा, सौंसर, काटोल, पार मुलताईपर्यंत चाळीस वर्षं पायपीट केलेली. घरी चार एकर आणि शंभरेक संत्र्याची झाडं होती, पण ती बायकोनं सांभाळली. नत्थूजी आठवड्यातले दोन दिवस घरी, तेही निजायला. त्यांची विद्या डोळ्यांत आणि बोटांत होती. बैल चार पावलं चालला की त्याच्या कोणत्या खुराला दुखतं ते सांगायचे. आणि बोटांचं असं, की बैलाचा भाव बाजारात तोंडानं बोलत नाहीत. हातावर दुपट्टा टाकायचा आणि खाली दोघांनी एकमेकांची बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. पटलं नाही की हात झटकायचा, पटलं की अंगठा दाबायचा. भोवती शंभर माणसं उभी असोत, भाव दोघांतच राहतो.

लग्न नवं होतं तेव्हा गंमत म्हणून त्यांनी ही विद्या देवकाबाईलाही शिकवली होती. सासूनं पाहिलं आणि "सून आनली का बैलजोडी?" म्हणून दोघांची चांगली खरडपट्टी काढली. ती विद्या तिथंच राहिली.

लकव्यानंतर ती उपयोगी पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर देवकाबाई नुसती "बा, बा" करायची. पाणी तोंडाशी नेलं की मान फिरवायची, मान फिरवली की सगळे आणखी पाणी पाजायला धावायचे. एका दुपारी नत्थूजींनी तिचा डावा हात हातात घेतला.

"आयकून घे. एक बोट धरलं म्हनजे पानी. दोन धरले, कूस बदलायची. तीन, सुमनले बलावतो. चार, दुखून राहिलं. समजलं?"

तिनं लगेच तीन बोटं धरली. सुनेला, सुमनला, हाक मारून नत्थूजी ओसरीत गेले आणि खांबाला डोकं टेकून रडले. बाई सकाळपासून तेवढंच सांगत होती.

दुपट्टाही तिनंच मागितला, डोळ्यांनी. सुनेसमोर नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय तीन बोटांची, परसाकडची गोष्ट चारचौघांत दिसावी असं कोणाला वाटेल? नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. तेव्हापासून एका हातात पंखा आणि दुपट्ट्याखाली दुसरा हात, अशी त्यांची दुपार जायची. चारपर्यंतची बोटं रोज लागायची. पाचाचं काम कधी पडलंच नाही.

मुलगा गुणवंता लोधीखेड्याच्या शाळेत मास्तर होता. सुट्ट्या लागल्या आणि तो घरी बसून बापाचा हात पाहू लागला.

"बाबा, जनरेटर घेऊन टाकू," तो एकदा म्हणाला. "आमच्या शाळेत गॅदरिंगले आनला होता. दोरी ओढली का पंखे चालू."

"कोनाचा पंखा बंद हाय?" नत्थूजी हातातला पंखा हलवत म्हणाले. "हा का चालून नाई राहिला?"

"अन् तुमचा खांदा? सकाळी सदऱ्यात हात जात नाई तुमचा. सुमननं घालून देल्ला, पाह्यलं मी."

"खांदा माहा हाय का तुहा?"

पण डॉक्टरचं बोलणं नत्थूजींनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सुमनला पंख्याशी बसवून बापलेक सौंसरला भैय्याजीच्या दुकानात गेले.

भैय्याजी मोटारी, पाइप आणि डिझेल इंजिनं विकायचा. त्यानं दुकानाच्या मागं नेलं. तिथं हिरव्या रंगाचं भलंमोठं इंजिन जनरेटरला जोडून उभं होतं. नत्थूजींनी त्याला तीन फेऱ्या मारल्या. पाठीवरून पंजा फिरवला. वाकून धुराड्याच्या नळीत पाहिलं. गुणवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती वर्साचं हाय?" नत्थूजींनी विचारलं.

"काकाजी, नवं हाय! कंपनीतून आलं, सिधं."

"चालवून दाखव."

भैय्याजीच्या माणसानं हँडल फिरवलं. इंजिन ढगढग करत उठलं. फरशी हादरली, कपाटावरचे नटबोल्टचे डबे सरकत सरकत काठावर आले. भैय्याजी ओरडून सांगत होता, "घरचा पंखा बी चालंल, विहिरीवरची मोटर बी चालंल! एक खर्चा, दोन काम!"

मोटर म्हटल्यावर गुणवंताचे डोळे चमकले. ते नत्थूजींनी पाहिलं. इंजिन बंद होईपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, "हे उभ्या जागी नाचते. ज्याले जाग्यावर उभं राहता येत नाई, त्याले दावनीले बांधून का करू?"

"पन बाबा, झाडाले पानी..."

"झाडं ताणावर हायेत." मृगाच्या बहारासाठी मे महिन्यात संत्र्याचं पाणी तोडतात, पानं गळेपर्यंत झाड तहानलेलं ठेवतात, हे गुणवंताला काय माहीत नव्हतं? "झाडाले पानी लागन तवा पाऊसच येईन. तुह्या मायले नाई ठेवता येत ताणावर."

गुणवंतानं भैय्याजीला नमस्कार केला आणि चपला घातल्या.

दुसरं यंत्र मोहगावात निघालं. एकजण गावोगाव टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं घेऊन फिरायचा, त्याच्याकडचं. लालभडक, चकचकीत. "दोन सीझनच वापरला," तो म्हणाला. नत्थूजींनी बुडाशी हात घातला आणि अंगठ्याच्या नखानं खरवडलं. लाल रंगाची खपली निघाली, खाली गंज.

"म्हाताऱ्या बैलाचे शिंगं घासून तेल लावते, तसं हाय हे," नत्थूजी म्हणाले. "आमच्या धंद्यात तरी बैलाले लाज वाटते."

इथं मात्र गुणवंतानं बापाच्या नजरेला मनात हात जोडले.

तिसरं पांढुर्ण्याला. जाम नदीच्या पुलाजवळ, सावरगावच्या अलीकडे, हिरामणचं मोटार भरायचं छोटंसं दुकान होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तांब्याच्या तारेची वेटोळी. हिरामण पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं एक लहानसं निळं यंत्र पुढं ठेवलं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि मग घासलेटवर चालायचं.

"घरी काय काय चालवायचं हाय, काकाजी?"

"एक पंखा."

"अजून?"

"एक पंखाच."

"कोनासाठी?"

नत्थूजींनी सांगितलं नाही, गुणवंतानं सांगितलं. हिरामण ऐकत राहिला. "मंग मोठं घेऊच नका," तो म्हणाला. "एका मान्साच्या भाकरीले खंडीभर पीठ काऊन भिजवता? हे पुरते." त्यानं दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला यंत्र उठलं आणि एका सुरात चालू लागलं. नत्थूजींनी पाठीवर हात ठेवला. नळीसमोर तळवा धरला. दाणा खाल्लेला बैल जसा उभा राहतो तसं ते उभं होतं. दहा मिनिटं ते पाहत राहिले. हिरामणनं चहा मागवला, तेव्हा "आताच घेतला" म्हणाले. कुठंही घेतलेला नव्हता. का नाही म्हणाले ते दोघांनाही माहीत होतं. हिरामणनं कप बाजूला सारला.

"कसं वाटलं?" गुणवंतानं विचारलं.

नत्थूजींनी पुन्हा एक फेरी मारली. "रंग पसंत नाई," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये गुणवंता बापापासून दोन बाकं सोडून बसला. घरी आल्यावर त्यानं चपला अशा काढल्या की एक अंगणात जाऊन पडली. पंख्याशी बसलेली सुमन उठली. तिनं नवऱ्याचं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या सासऱ्यापुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "मामाजी, रंगावरून बैल सोडला का जी तुमी कधी?"

नत्थूजींनी पाणी पिण्यात बराच वेळ घालवला. मग पाटावर जाऊन बसले आणि पंखा हातात घेतला.

पोरगी घरात येऊन चारच वर्षं झाली होती, पण तिचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडलं. नत्थूजींना यंत्र नकोच होतं. कोणतंही. यंत्र आलं की त्यांना त्या पाटावरून उठावं लागलं असतं. भरदिवसा, दार उघडं असताना, म्हातारा बायकोचा हात धरून बसला तर गाव काय म्हणेल? पण बायको आजारी, लाईन नाही आणि हातात पंखा, मग कोण काय म्हणणार? चाळीस वर्षं ज्या बाईजवळ बसायला सवड झाली नाही, तिच्याजवळ बसायची ही एक सबब त्यांना सापडली होती. ती एका दोरीच्या झटक्यानं जाणार होती.

आठवडा तसाच गेला. ऊन असं पडलं की कुत्री गोठ्यातल्या शेणाच्या ओलीवर जाऊन बसली. एका दुपारी सुमन आणि गुणवंता वाडीत झाडांच्या वाळलेल्या फांद्या तोडत होते. नत्थूजी वारा घालत होते. उजवा हात चालेना म्हणून त्यांनी पंखा डाव्यात घेतला आणि उजवा दुपट्ट्याखाली ठेवला. भिंतीला पाठ टेकली. एवढंच त्यांना आठवत होतं.

जाग आली ती चारला, लाईन येऊन टेबलफॅन घरघरला तेव्हा. हातपंखा खाली पडलेला. देवकाबाईचं लुगडं घामानं पाठीला चिकटलेलं, उशी भिजलेली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलेलं. तिचा हात अजून त्यांच्याच हातात होता. तिला नुसतं बोट दाबायचं होतं. चार बोटं धरली असती तर ते ताडकन उठले असते. तिनं एकही बोट दाबलं नव्हतं. ते निजले होते म्हणून तिनं त्यांना निजू दिलं होतं.

"काऊन उठवलं नाई वं?" नत्थूजी म्हणाले. "अवो, काऊन नाई उठवलं?"

ती त्यांच्याकडे पाहत होती. सुमननं येऊन कूस बदलली तेव्हा कापडाला पू लागलेला होता आणि रुपयाएवढी जागा वाटीच्या बुडाएवढी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नत्थूजी एकटेच पांढुर्ण्याला गेले.

हिरामण नुकतं दुकान झाडत होता. नत्थूजी बाकावर बसले. "चहा पाज गड्या," ते म्हणाले. हिरामणनं झाडू ठेवला, शेजारून दोन कप आणले. नत्थूजींनी बशीत ओतून फुर्र करून चहा प्याला आणि कप खाली ठेवला.

"रंग पसंत पडला का, काकाजी?"

"डोये फुटले होते माहे. देऊन टाक थे मशीन." मग सवय आडवी आली. "पन आमच्यात आठ दिवस घरी नेऊन पाहाची रीत हाय. जनावर दावनीले बांधून पाह्यल्याबिगर सौदा नाई होत."

हिरामण हसला. "न्या. किंमत सांगतलीच हाय, तेच्यात कमी-जास्त नाई. आठव्या दिवशी मी सोता येतो. एकच आयका, मशीन घरापासून दूर ठेवा. धूर असते, आवाज असते. वायर लांब देऊन राहिलो."

यंत्र बसच्या टपावर चढलं. नत्थूजींनी स्वतः वर चढून कासरा आवळला, चार गाठी मारल्या आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं की गचका बसू देऊ नको.

पुढं जे झालं ते दलालाच्याच घरी होऊ शकतं. पाहायला आणलेलं जनावर गोठ्यात, घरच्या बैलांशेजारी बांधायचं असतं, म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. गोठा घरापासून दूरच आहे, या हिशेबानं नत्थूजींनी यंत्र लाल्या आणि बांड्याच्या मधोमध मांडलं. अकराला लाईन गेली. गुणवंतानं दोरी ओढली.

पहिल्या फटक्याला बांड्यानं डोळे पांढरे केले. दुसऱ्याला लाल्यानं खुंटाच उपटला. खुंट फरफटवत तो कुंपणातून थेट शेजारच्या पुंडलिकरावांच्या अंगणात गेला. तिथं त्यांच्या बायकोनं, यमुनानं, चार खाटांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दोन खाटा उलट्या झाल्या, एकीचा पाय मोडला, तिसरीवरचं धोतर लाल्याच्या शिंगाला अडकलं, आणि धोतराची पताका मिरवत तो आडव्या गल्लीनं पळाला.

"अवो नत्थूजी! तुमचा बैल का लग्नाले चालला जी?" पुंडलिकराव ओरडत होते. यमुना कुरडयांच्या नावानं बोंबलत होती. गुणवंता काठी घेऊन धावला. नत्थूजी धुरात खोकत दोरी कुठं, बटण कुठं ते शोधत होते.

बैल सापडला, यंत्र बंद झालं, आणि नत्थूजी घामाघूम होऊन आत आले. सुमन तोंडाला पदर लावून उभी होती. "मामाजी, पाहा," ती म्हणाली.

देवकाबाई हसत होती. तोंडाची उजवी बाजू तशीच पडलेली, पण डावी वर गेली होती, आणि पोट हलत होतं. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं. पोळ्यापासून त्या घरात ती हसली नव्हती. नत्थूजी दारातच उभे राहिले. एवढ्यासाठी चारही खाटांच्या कुरडया गेल्या असत्या तरी त्यांनी भरून दिल्या असत्या.

मग यंत्र वाडीच्या टोकाला गेलं. नत्थूजींनी गुडघाभर खड्डा खणला, तिन्ही बाजूंनी मातीच्या विटांची भिंत घातली, वर टिनाचा पत्रा, धुराची नळी ओढ्याकडे. संत्र्याच्या झाडांवरून वायर घरात आली. दुसऱ्या दिवसापासून लाईन गेली की सुमन पदर खोचून वाडीत जायची, दोरी ओढायची, आणि घरात टेबलफॅन फिरू लागायचा. आवाज खिडकीत यायचा तो शेजारच्या घरात जातं चालल्याइतका. पाठ कोरडी राहिली. चौथ्या दिवशी जखमेच्या कडा आत आल्या.

पहिल्या दिवशी नत्थूजी सवयीनं पाटावर बसले. हातात पंखा नव्हता. हात कुठं ठेवावे कळेना. यमुना तुटलेल्या खाटेचा हिशेब सांगायला आली होती, ती पंख्याकडे पाहून म्हणाली, "सुटले बाई नत्थूभाऊजी. मोकळे झाले." नत्थूजी घाईनं उठले, जणू कोणी चोरी करताना धरलं. "हो, हो. बाजार हायेच उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खरोखर बाजाराला गेले. जुन्या लोकांनी आरोळ्या मारल्या, मिठ्या मारल्या. दोन सौदे झाले. पण दुपट्ट्याखाली परक्याची खरबरीत बोटं हाताला लागली आणि त्यांचं चित्तच लागेना.

संध्याकाळी घरी आले तर देवकाबाईचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी दुपट्टा टाकला, हात धरला. तिनं एकही बोट धरलं नाही. हात नुसता पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. सुमन घाबरली. "मामाजी, आत्याबाईंचा हा बी हात चालला का?" पण माशी बसली की तोच हात तिला उडवत होता. हात चांगला होता. रागात होता.

आठव्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे हिरामण आला. गुणवंतानं ओसरीत सतरंजी टाकली. सुमननं घरातल्याच कपात चहा दिला. हिरामण वाडीत जाऊन भिंत पाहून आला. "असं तर कंपनीवाले बी नाई बसवत," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "ठेवता, का नेऊ?"

"थांब," नत्थूजी म्हणाले. "जिच्यासाठी आनलं तिले इचारतो."

ते आत गेले. पंखा फिरत होता. त्यांनी पाट ओढला, दुपट्टा टाकला, खाली हात धरला.

"आयक. मशीनवाला आला हाय. तुले आवडत नसन तर वापस देतो. मी घालतो वारा. देऊ वापस?"

तिनं हात झटकला. बाजारात झटकतात तसा, मनगटातून.

नत्थूजी चमकले. "मंग ठेवू?"

हात तसाच. अंगठा दाबला नाही.

"वापस बी नाई, ठेवाचं बी नाई. मंग का पायजे तुले?"

देवकाबाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. दुपट्ट्याखाली तिची बोटं हळूहळू सरकली आणि तिनं त्यांचा अख्खा पंजा धरला. घट्ट.

पाच. त्यांच्या घरच्या बोलण्यात पाच नव्हतेच. पाणी नाही, कूस नाही, सुमन नाही, दुखणं नाही. नत्थूजींना काही उमगेना. "पाच का?" त्यांनी विचारलं. तिनं डोळे खाली नेले, ते बसले होते त्या पाटाकडे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पुन्हा पाटाकडे. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

अकरा ते चार. पाच तास. ती बोली लावत होती. नव्या लग्नात शिकवलेली विद्या तिनं चाळीस वर्षं जपून ठेवली होती.

नत्थूजींनी पाट आणखी जवळ ओढला. पण हाडाचा दलाल, बोटं आपोआप चालली. त्यांनी तिची दोन बोटं धरली.

तिनं हात झटकला आणि पुन्हा पंजा धरला.

"अवो, मशीन चालू अन् बुढा बायकोजवळ बसला, लोकं का म्हनतीन?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "पंख्याचा तरी बहाना होता." त्यांनी तीन बोटं धरली.

झटका. पंजा.

चार धरली. ती त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. डावीकडचा ओठ थोडा वर गेला होता. चाळीस वर्षांतले पाच दिवस आड, सहा दिवस आड घरी येणं, तिनं एकटीनं ओलीत केलेली झाडं, एकटीनं काढलेली बाळंतपणं, या सगळ्याचं मोल तिनं कधी मागितलं नव्हतं. आता मागत होती ते पाच तास, आणि त्यातलं एक बोट सोडायला ती तयार नव्हती. पंजा.

नत्थूजींनी तिचा अंगठा दाबला.

ते डोळे पुसत बाहेर आले. हिरामण उभा राहिला. गुणवंतानं विचारलं, "का म्हने माय?"

"सौदा झाला," नत्थूजी म्हणाले. "मशीन राहीन."

"अन् किमतीचं..." गुणवंतानं हिरामणकडे पाहिलं.

"हिरामणची किंमत हिरामणले. माहा सौदा घरात झाला." ते नाक शिंकरून हसले. "चाळीस वर्सं झाले, पयल्या बोलीवर मी कोनाले हो म्हनलं नाई. या बाईनं एक बोट नाई सोडलं."

हिरामणला काय समजलं कोणास ठाऊक. त्यानं जाताना फक्त तेल कधी बदलायचं ते सांगितलं आणि "मायले नमस्कार सांगा" म्हणाला.

त्या दुपारी यमुना खाटेचे पैसे घ्यायला पुन्हा आली. दार उघडं होतं. टेबलफॅन फिरत होता. हातपंखा खुंटीला टांगलेला होता. आणि नत्थूजी पाटावर बसले होते, मांडीवर दुपट्टा, दुपट्ट्याखाली हात.

"का जी भाऊजी," ती म्हणाली, "पंखा तर चालू हाय. तुमी का करून राहिले?"

"बसून राहिलो," नत्थूजी म्हणाले. ते उठले नाहीत. "चारपर्यंत."